कार्डावरची आई

"कागदावर शेहेचाळिसाव्या वर्षी बाळंत झाले म्हनं मी. ही बाई विमानात बसून त्येवढं सांगायला आलीया," खिडकीमागून डॉर्कस फ्लेट म्हणाली.

"झाली आसशील," झॅकियस म्हणाला. "आमच्या हिनं तर पन्नाशीत दोन काढली म्हनत्यात. मला घरात कुनी बोललं न्हाई, त्येवढंच वाईट वाटतं."

"तुला घरातलं कवा कळलंय? निम्मा जन्म तळ्यावर जाळ्यापाशी काढलास."

बाकावर बसलेली माणसं हसली. डॉर्कसही हसली, पण खिडकीवरचा कागद तिनं उलटा करून ठेवला.

डॉर्कस आमच्या वळणधारेच्या दवाखान्यात खिडकीवर बसते. चौतीस वर्षं झाली. डॉक्टर महिन्यातून दोनदा विमानानं येतो, नर्सा वर्षा-दोन वर्षांत बदलतात. डॉर्कस तेवढी बदलत नाही. कुणाला कशाची गोळी चालत नाही, कुणाच्या घरी फोन केला तर कोण उचलतं, कुणाला विमानात खिडकीजवळ बसवलं की ओकारी होते, हे सगळं तिच्या डोक्यात. आणि जन्मलेलं मूल आरोग्यकार्डावर चढवायचं कामही कितीतरी वर्षं तिचंच होतं.

विमानानं आलेली ती बाई म्हणजे इंग्रिड थॉर्वाल्डसन, विनिपेग शहरातल्या विद्यापीठातली. तिचा आजा मोठ्या तळ्यावर मासेच धरायचा, म्हणून झॅकियसशी तिचं पहिल्या दिवशीच जाळ्याच्या भोकांवरून भांडण झालं आणि जमलंही. तिचं काम असं: माणसाचं नाव काढून टाकायचं, जागी एक उलटासुलटा नंबर द्यायचा, आणि त्या नंबरात त्याचे सगळे सरकारी कागद ओवायचे. इस्पितळाचे, औषधाच्या दुकानाचे, शाळेचे, बालकल्याणवाल्यांचेसुद्धा. मग आईचा नंबर लेकराच्या नंबराला बांधायचा, लेकराचा त्याच्या लेकराला. आजार तीन पिढ्यांत कसा उतरत आला ते कुणाचं नाव न विचारता दिसतं.

आम्हाला त्यात रस एकाच गोष्टीसाठी होता. डायलिसिसच्या चार खुर्च्या उत्तरेतल्या तीन गावांपैकी एका गावात बसवायचं सरकारनं ठरवलं होतं. पोटुशीपणी आईला शुगर होती आणि पुढं लेकरांना लागली, अशी घरं ज्या गावात जास्त, तिथल्या किडन्या पुढच्या वीस वर्षांत जास्त जाणार. म्हणून खुर्च्या तिथं. आमच्या गावात शुगर नसलेलं घर दाखवा म्हटलं तर शोधावं लागेल. खुर्च्या आपल्याकडंच येणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

सगळ्यांत जास्त डॉर्कसनं. तिची लेक रोडा चार वर्षांपासून विनिपेगला एका खोलीत राहते. आठवड्यातनं तीनदा मशीनवर. आमच्यापासून सातशे किलोमीटर. मशीन सोडून घरी यायचं म्हणजे मरायलाच यायचं. वय एकोणचाळीस. खुर्च्या इथं आल्या तर रोडा घरी येणार. डॉर्कसनं तिच्यासाठी मागची खोली रंगवूनही घेतली होती.

आणि इंग्रिडच्या कागदात आमचं गाव तिन्हींत खाली निघालं.

"मलाच पटेना," इंग्रिड म्हणाली, "म्हणून आले. तुमच्याकडं शुगर असलेल्या बायकांना मुलंच कमी दिसतात. आणि चौऱ्याण्णव बाळंतपणं पंचेचाळिशीनंतरची दिसतात, त्या बायका धडधाकट, आणि त्यांची पोरं मात्र आजारी. असल्या नोंदी चुकीच्या धरून बाहेर टाकतात. तुमचं निम्मं गाव बाहेर पडलंय."

डॉर्कसनं तिला आतल्या खोलीत नेलं, चहा दिला, बॅनॉकची भाकरी दिली, आणि दार लावून सांगितलं.

आम्हा इथल्या मूळ रहिवाशांत पहिलं लेकरू आजीनं वाढवायचं. कुणाला त्यात नवल वाटत नाही. कूकुमच्या, म्हणजे आजीच्या, हाताखाली वाढलेलं मूल शहाणं निघतं असं मानतात. मग ज्या घरात मूल वाढणार, त्या घराच्या कार्डावर डॉर्कस ते चढवायची. पुढं बालकल्याणवाले यायला लागले. तरण्या पोरीच्या नावापुढं त्यांची एक खूण, या पोरीवर नजर ठेवा अशी, असली की बाळ बाळंतखाटेवरूनच उचलायचे. रोडाचा पहिला मुलगा तसाच गेला. कुठं वाढला, कुणाला ठाऊक नाही. तेव्हापासून डॉर्कस रीत म्हणून नाही, ठरवून लिहायला लागली. पोरगी घाबरत खिडकीशी यायची, डॉर्कस विचारायची, तुझ्या आईचा कार्डनंबर काय गं, आणि बाळ त्या बिनखुणेच्या कार्डावर लिहून टाकायची. चौऱ्याण्णव पोरं अशी गावात राहिली. त्यातली एक टॅन्सी, रोडाची. कागदावर ती डॉर्कसची धाकटी लेक. डॉर्कसला शुगर नाही. टॅन्सीला बाराव्या वर्षीच लागली.

इंग्रिडनं कप बाजूला सारला.

"हे मी माझ्या बाजूनं दुरुस्त करू शकत नाही," ती म्हणाली. "माझ्याकडं नावंच नाहीत. तुम्ही सरकारच्या नोंदणीत अर्ज दिलात, खरी आई कोण ते लिहून, तर तीन आठवड्यांत नवी नोंद माझ्याकडं येईल. हिशेब पुन्हा लावता येईल. खुर्च्या ठरवणाऱ्या समितीची बैठक त्यानंतर आहे."

"आनि त्या नोंदनीत नावं आसत्यात."

"हो."

"बालकल्यानवाल्यांना दिसत्यात."

"तिथली दिसतात. माझ्याकडची कुणालाच नाही."

डॉर्कस म्हणाली, तुझ्याकडचं कोन बघतंय.

दोन दिवस ती घरोघर फिरली. स्कीडूवर, त्या बर्फावरच्या गाडीवर, मागं टॅन्सीच बसायची, सहा महिन्यांचं पोट सांभाळत. बायकांनी ऐकून घेतलं, मासा वाढला, आणि सही कुणी केली नाही. एकीनं विचारलं, माझी नात आता चार वर्षांची हाय, तिला न्यायला आले तर तू दारात उभी ऱ्हातीस का? डॉर्कसनं कागद घडी करून पिशवीत घातला. झॅकियसच्या बायकोनं तर दार उघडायच्या आधीच आतून सांगितलं की तिला दोन्ही पोरं पन्नाशीतच झाली, आणि फार त्रास झाला.

उरली एक सही. ती रोडाची, आणि एका पोरीच्या सहीनं गावाचं काय होणार होतं, हे डॉर्कसलाही कळत होतं. पण एकीनं केली की बाकीच्या करतील, असं तिला वाटत होतं. मशीनचा दिवस नसलेला बघून तिनं दवाखान्यातूनच फोन लावला आणि सगळं सांगितलं.

ऐकून रोडा म्हणाली, "आये, टॅन्सीला कितवा चाललाय?"

"सातवा लागंल."

"मंजी तिला बाळंतपनाला हितंच धाडनार. ह्याच इस्पितळात."

"व्हय."

"माझ्या फायलीवर अजून ती खून हाय. टॅन्सी माझी म्हनून लिवलीस की ती खून तिला लागनार. सतरा वर्साची पोरगी, आई पिनारी, पहिलं लेकरू सरकारकडं. ते काय आनखी इचारतील?"

"तू सात वर्सं थेंबाला शिवली न्हाईस."

"ते कुटं लिवतात? त्येला रकाना न्हाई."

डॉर्कस म्हणाली, "खोली रंगवलीया तुजी."

"त्यात टॅन्सीचा पाळना लाव," रोडा म्हणाली. "आनि मला परत हे इचारू नगंस. दुसऱ्यांदा इचारलंस तर मी व्हय म्हनंन."

डॉर्कसनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. इंग्रिडला तिनं सांगितलं की आमच्या बायका उशिरा बाळंत होतात, तसंच असू दे. इंग्रिडनं अहवालात एक ओळ घातली, की या गावाच्या नोंदींवर भरवसा ठेवू नये. तिच्या परीनं तिनं केलं. समितीनं ती ओळ वाचली आणि भरवसा ठेवता येईल अशा गावाला खुर्च्या दिल्या.

टॅन्सीचं बाळ बालकल्याणवाल्यांच्या हातून सुटलं. मुलगी, साडेचार किलोची, शुगरवाल्या आयांची असतात तशी. आता नोंदी इस्पितळातच होतात, थेट. आई: टॅन्सी. त्या कागदांत डॉर्कसच्या घरचा आजार तिच्यापासूनच सुरू होईल. तिच्या आधी कुणाला काही नव्हतं. रोडानं नात पाहिली, इस्पितळातच, मशीनवरून उठून लिफ्टनं दोन मजले वर जाऊन. हातात घ्यायला तिला बसावं लागलं. वीस मिनिटं.

खुर्च्यांचं पत्र डॉर्कसच्याच खिडकीवर आलं, कारण टपाल तिथंच येतं. बाकावर त्या दिवशीही झॅकियस होता. पायाची जखम भरत नव्हती म्हणून आलेला. तिनं वाचून त्याला दिलं. त्यानं चष्मा नाही म्हणून परत दिलं आणि विचारलं, काय म्हनत्यात?

"न्हाई म्हनत्यात."

त्यानं मान हलवली. पाय बाकावर घेतला.

पत्राला भोकं पाडून डॉर्कसनं ते फायलीत लावलं. मग गुरुवारी विनिपेगच्या इस्पितळात न्यायच्या माणसांची, विमानाची यादी पुढं ओढली. नऊ जागा होत्या. दोघं कायमचे चालले होते, मशीनसाठी. त्यांचं सामान जास्त, म्हणून एक जागा कमी करावी लागणार. तिनं झॅकियसच्या पायाकडं बघितलं, त्याचं नाव पाचव्या ओळीत लिहिलं, आणि खिडकीबाहेर डोकं काढून पुढच्याला हाक मारली.