नऊ खोल्यांचं रॉकेल

परवा गंजलेल्या बिजागरीवर रॉकेल चोळलं आणि त्या वासासरशी गिरणी संपाच्या दुसऱ्या वर्षातला एक रविवार आठवला. लालबागच्या आमच्या चाळीची गॅलरी. हजर नऊ बिऱ्हाडं. मागणी प्रत्येकी दोन लिटर रॉकेल आणि घरात असेल ते धान्य.

मागणारी माझी एकोणीस वर्षांची ताई. सगळ्या मजल्याचं जेवण एकत्र रांधायचं, असं तिनं आणि चाळीतल्या पोरापोरींनी ठरवलं होतं.

"आमच्याकडे रोज शिजता," बाबा कडाडले. "आमका कोणाचा फुकटचा नको."

"बाबा," ताई म्हणाली, "आई रोज नुसतो स्टोव्ह पेटवता, वर रिकामो टोप. शेजाऱ्यांका आवाज जावचो म्हणान."

आईनं पदर तोंडाला लावला. बाबांचा हात वर गेला. ताई जागची हलली नाही. तेवढ्यात शेजारच्या काकी हळूच म्हणाल्या, "भावोजी, मी पण तसाच करतंय."

ताईनं घराची अब्रू घालवली, असं मला तेव्हा वाटलं होतं. आता माझी मुलगी त्या वयाची आहे, आणि मला आठवते ती बाबांच्या वर गेलेल्या हाताखाली उभी राहिलेली ताई.

बाबा हात खाली घेऊन आत गेले. बाहेर आले ते मागितलेलं दोन लिटर रॉकेल आणि वर आमचा स्टोव्ह घेऊन. दोन्ही त्यांनी ताईच्या हाती दिलं.