सोळांत एकच राबतोय

आमच्या ऑफिसात तिला नावाने कुणी हाक मारत नाही. सगळे वन्सं म्हणतात, साहेबसुद्धा. नवऱ्याच्या बहिणीला म्हणतात ना, तसं. कारण प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी एखादा नवा प्रोग्राम नव्या नवरीसारखा कौतुकाने पुढे आणला, की ही चष्मा नाकावर चढवून म्हणते, "हं, बघू या काय काय येतं हिला." मग अर्ध्या तासात त्या नवरीची सगळी उणीदुणी चव्हाट्यावर येतात. चुका शोधणं हेच तिचं काम आणि पगारही त्याचाच. पण पगार मिळाला नसता तरी तिने हेच केलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

नम्रपणा तिच्या वाटेला कधी गेला नाही. "मी सांगितलं होतं" हे तिचं सगळ्यात आवडतं वाक्य, आणि ते म्हणायची संधी तिला वारंवार मिळते, हेच लोकांना जास्त झोंबतं. मी यंत्रांच्या खोलीची राखणदार. त्या गारठ्यात बारा महिने स्वेटर घालून पंख्यांची घरघर ऐकते, त्यामुळे माझाही स्वभाव काही साखरेत घोळलेला नाही. म्हणून आमचं जमतं.

वन्संचं ज्याच्याशी कधीच जमलं नाही, तो माणूस म्हणजे मौनीबाबा. आमच्याकडचा सगळ्यात जुना प्रोग्रामर. दिवसाकाठी चार शब्द बोलला तरी आम्ही एकमेकींकडे बघतो. चार वर्षांपूर्वी वन्संनी त्याच्या प्रोग्राममध्ये एक चूक काढली आणि त्याने ती परत पाठवली, खाली एकच ओळ लिहून: "तुमच्या चाचणीतल्या दोन माणसांची नावं सारखी आहेत, म्हणून असं दिसतंय." तपासलं तर नावं खरंच सारखी होती. वन्सं तेव्हापासून त्याच्याशी फक्त कामापुरतं बोलते आणि कामही मोजूनमापून काढते.

आता मुद्द्याची गोष्ट. गावातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यासाठी मौनीबाबाने दोन वर्षं खपून घरबसल्या नंबर लावायची सोय तयार केली होती. आजवर लोक पहाटेपासून खिडकीपुढे उभे राहायचे. त्यांत वन्संची आईही असायची. गुडघे गेलेली बाई, आणि तिथे बसायला धड बाकही नाही. सकाळी आठला खिडकी उघडते, म्हणजे आठच्या ठोक्याला हजारो लोक फोनवरून एकदम तुटून पडणार. प्रोग्रामला तो भार सोसतो का, हे आधी बघायला हवं. मिनिटाला तीन हजार नंबर दिले तर पास, नाहीतर सगळा प्रोग्राम गुंडाळायचा आणि बाहेरच्या कंपनीकडून तयार माल घ्यायचा, असं साहेबांनी सरळ जाहीर करून टाकलं. बाहेरचा माल बसवायला वर्ष तरी जाणार, म्हणजे खिडकी आणि रांग आणखी वर्षभर.

भार तपासायला माणसं कुठून आणणार? त्यासाठी जावा नावाच्या संगणकभाषेत लिहिलेलं एक साधन असतं. ते खोटे रुग्ण तयार करतं. प्रत्येक रुग्ण म्हणजे एक थ्रेड, आपापलं काम स्वतंत्र करणारा. असे दोन हजार रुग्ण मौनीबाबाच्या प्रोग्रामवर सोडायचे आणि मिनिटाला किती नंबर लागतात ते मोजायचं. हे साधन वन्संच्या ताब्यात आणि ते ज्या यंत्रावर चालतं ते माझ्या ताब्यात.

आकडा आला चारशे.

पुन्हा चालवलं. चारशे. रुग्ण दुप्पट केले, तरी चारशे. साहेब म्हणाले, "झालं तर मग. प्रोग्राम दमतोय. बुधवारच्या बैठकीत सोक्षमोक्ष लावून टाकू." मौनीबाबा मागे वळला. जागेवर गेला आणि टेबलावरचे कागद एकावर एक नीट रचत बसला. आवराआवर करणारा माणूस मला ओळखता येतो.

मला वाटलं, वन्संना आनंद होईल. इतक्या वर्षांचं उट्टं आयतंच निघत होतं. पण ती फणकारत माझ्या खोलीत आली.

"दमलाय म्हणे! दमलेला माणूस धापा तरी टाकतो ना? त्याच्या सर्व्हरचा प्रोसेसर बघ. लोळत पडलाय नुसता."

बघितलं, तर खरंच सर्व्हर निवांत होता.

"मग तुमचं साधनच कमी भार टाकत असेल," मी म्हटलं.

"माझं साधन?" तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी स्वेटरची बटणं लावून घेतली. "बरं, तेही बघ."

साधनाचं यंत्र सहा टक्क्यांवर होतं. दोन्हीकडे सामसूम. नंबर देणारा रिकामा, मागणारा रिकामा, आणि काम मात्र पुढे सरकत नव्हतं. असला प्रकार मी तरी पाहिला नव्हता. मग मी माझ्या परीने सगळं करून पाहिलं. मेमरी वाढवली. सहा टक्के. नेटवर्कची तार बदलली, मधला डबा बदलला. सहा टक्के. जावाच्या सेटिंग्ज वरपासून खालपर्यंत चाळल्या. सहा म्हणजे सहा. शेवटी मी हात टेकले आणि त्या यंत्राला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वन्सं मात्र पडद्यावरच्या त्या सरळ रेषेकडे टक लावून बसली होती.

"ही रेषा कशाची गं?"

"प्रोसेसरची. सरासरी."

"सरासरी मला नको. सरासरीत सगळ्यांची पापं झाकली जातात. एकेकाचं तोंड दाखव."

त्या यंत्रात सोळा कोर आहेत, म्हणजे एकाच वेळी काम करू शकणारे सोळा मेंदू म्हणा. मी रेषा काढून टाकली आणि सोळा पट्ट्या वेगवेगळ्या लावल्या. पंधरा जमिनीला टेकलेल्या आणि एक पार वरपर्यंत भरलेली. थोड्या वेळाने ती खाली आली आणि दुसरीच एक भरली. कधी ही, कधी ती, पण एका वेळी भरलेली एकच.

वन्सं ताडकन उठली. खुर्ची मागे जाऊन माझ्या कपाटावर आदळली.

"सोळांत एकच राबतोय! अगं, हे मला कळणार नाही तर कुणाला कळणार? सोळा माणसांच्या घरात वाढलेय मी. सोळा खाणारे आणि आई एकटी राबणारी. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, किती शांत घर आहे! शांत कसलं डोंबल, बाकीचे सगळे ती कधी मोकळी होतेय याची वाट बघत बसलेले असायचे."

मी गणित केलं. शंभर भागिले सोळा, सहाच्या थोडं वर. इतका वेळ तो आकडा ओरडून सांगत होता आणि मी तारा बदलत बसले होते. माझा मलाच राग आला.

"म्हणजे हे दोन हजार रुग्ण कशाची तरी वाट बघतायत," मी म्हटलं.

"विचार त्यांना."

जावाला तसं विचारता येतं. या क्षणी तुझा प्रत्येक थ्रेड कुठे उभा आहे ते सांग, म्हटलं की ते सगळ्यांचा पत्ता ओकून टाकतं. त्याला थ्रेड डंप म्हणतात. आम्ही थोड्या थोड्या अंतराने तीन काढले, कारण एकदा दिसलं तर तो योगायोगही असू शकतो. तिन्ही सारखेच. जवळजवळ सगळे थ्रेड अडलेले आणि एकाच कुलपापाशी अडलेले. कुलूप एका वेळी एकालाच आत घेत होतं. आतला बाहेर आला की पुढचा आत, आणि बाकीचे दारात ताटकळत.

"कुणी घातलंय हे कुलूप?" वन्सं गरजली. "कोण तो शहाणा, बघते त्याच्याकडे. ती ओळ उघड."

मी ती ओळ उघडली. त्या ओळीवर लिहिणाऱ्याचं नाव असतं. मी ते वाचलं आणि पडदा तिच्याकडे वळवला.

नाव वन्संचंच होतं.

मौनीबाबाने ती चूक परत पाठवल्यावर अपमानाच्या तिरीमिरीत तिने साधनात एक तपासणी घातली होती. पुन्हा म्हणून कुणी सारख्या नावांचं कारण पुढे करायला नको! प्रत्येक नवा खोटा रुग्ण आधी एका दारातून जाणार, तिथे त्याचं नाव आजवरच्या झाडून सगळ्या खोट्या रुग्णांशी ताडून बघितलं जाणार, आणि मगच तो पुढे सुटणार. दोघांना चुकून एकच नाव मिळू नये म्हणून दाराला कुलूप. तेव्हा जुने रुग्ण मूठभर होते, खपून गेलं. चार वर्षांत ते काही लाख झाले. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

ती पडद्याकडे बघत राहिली. मला धास्ती, आता ही यंत्र फोडते की रडते. आता ही ओळ गुपचूप बदलायला सांगेल, अशीही शंका मनाला चाटून गेली. आणि खरं सांगते, मी बदलली असती.

तिने दोन्ही हात वर केले आणि ओरडली, "सापडली! चूक माझी आहे!"

आणि दार सताड उघडं टाकून बाहेर धावली. हॉलमधले सगळे माना वर करून बघायला लागले. "ऐका रे सगळे! त्याचा प्रोग्राम दमलेला नाही! माझ्या साधनाने त्याला कामच दिलं नाही! चूक माझी, आणि शोधली कुणी? मीच!" स्वतःची चूक सापडल्याचा इतका आनंद मी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर पाहिला नाही. मौनीबाबा कागद हातात धरून उभा राहिला होता.

दुरुस्ती अगदी सोपी होती. प्रत्येक रुग्णाला जन्मतःच त्याचा स्वतःचा क्रमांक नावापुढे चिकटवून द्यायचा. मग नाव सारखं होणारच कसं, आणि ताडून बघायचंच कशाला? कुलूप गेलं, दार गेलं. मौनीबाबा माझ्या खोलीत येऊन भिंतीला टेकून उभा राहिला आणि वन्संनी चाचणी सुरू केली.

सोळाच्या सोळा पट्ट्या उठल्या. पंख्यांचा आवाज चढला, आणि पलीकडे सर्व्हरच्या पट्ट्याही चढायला लागल्या. आकडा चारशेवरून हजारावर गेला, मग दोन हजार, तीन हजार. तीन हजाराला कुणी श्वास घेईना. मग चार, पाच, सहा. सर्व्हर धापा टाकत होता, पण नंबर देत होता. मला टाळ्या वाजवायच्या होत्या, पण वन्संनी हात वर केला.

"थांब. मोडेपर्यंत सोडणार नाही मी."

सात हजारांच्या पुढे तो कोलमडला. वन्सं मौनीबाबाकडे वळून म्हणाली, "सात हजारांना मोडतो तुमचा प्रोग्राम. नोंद करून ठेवते." तिच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक निघणं शक्य नव्हतं, आणि त्याला ते कळलं.

बैठकीत साहेबांनी आकडा दोनदा वाचला आणि बाहेरच्या कंपनीचा कागद फाइलखाली सरकवला. वन्संनी आपली चूक आपणच चढ्या आवाजात, अगदी रंगवून सांगितली. सांगून झाल्यावर मौनीबाबाने घसा खाकरला. सगळ्यांच्या भुवया वर गेल्या.

"चार वर्षांपूर्वी," तो म्हणाला, "नावं सारखी होती हे खरं. पण चूकही होती. माझीच. मी नंतर गुपचूप दुरुस्त केली."

वन्संनी टेबलावर थाप मारली. पेले हलले.

"मी सांगितलं होतं!"

आणि मग दोघंही इतकी हसली, की साहेबांना बैठक आटोपती घ्यावी लागली.

सोय सुरू झाली त्या सकाळी आम्ही तिघं माझ्या खोलीत पडद्यापुढे उभे होतो. मौनीबाबासाठी मी माझी जुनी शाल आणली होती. आठ वाजले आणि पट्ट्या उठल्या. या खेपेला रुग्ण खरे होते. पट्ट्या निम्म्यापर्यंत चढल्या आणि तिथेच स्थिर राहिल्या. वन्संनी घरी फोन लावला आणि आम्हाला ऐकू यावा म्हणून स्पीकर चालू केला.

"आई, लागला का नंबर?"

"लागला की," पलीकडून म्हातारा आवाज आला. "अकरा वाजता या म्हणतात. अगं, पण हे लगेचच झालं. आता अकरापर्यंत मी करू काय?"

वन्संनी चष्मा काढला.

"काही करू नकोस आई," ती म्हणाली. "नुसती बस."