फटी कुणाच्या घशात?

मी स्वतःच्या डोळ्यांनी पकडलेला पहिला भ्रष्टाचार म्हणजे फटी. लाकडी ओट्याच्या दोन फळ्यांमधल्या, नखाएवढ्या फटी. हसू नका. नाशिकला आमच्या कॉलनीत जयंतीची पत्रकं लिहून लिहून माझा हात बसलेला होता, आणि सुरगाण्याच्या डोंगरात पाड्यांवरच्या कामाला जाताना माझ्या पिशवीत कपडे कमी, पत्रकं जास्त असायची. जिथे काही गायब दिसेल तिथे ते कुणीतरी खाल्लंय, एवढं माझं शास्त्र पक्कं होतं.

पाड्यावरची अंगणवाडी उतारावर. पावसाचे चार महिने दारात चिखल आणि चिखलाखाली थेट नाला. मुलं घसरायची. वजनकाटा ठेवायला हातभर सपाट जागा नव्हती. पर्यवेक्षिका बाईंनी सेविकेला स्पष्ट सांगितलं होतं, "श्रावणात मी येईन. दारापुढे उभं राहायला धड जागा नसेल तर अंगणवाडी खालच्या पाड्यावर हलवावी लागेल." खालचा पाडा नाल्यापलीकडे. तीन वर्षांचं मूल भर पावसात नाला ओलांडून खिचडी खायला जाणार? म्हणजे वरच्या मुलांची अंगणवाडी संपलीच. चार पावलं कोरड्या जागेसाठी मोहीम उघडावी लागते, याचा संताप मला आजही येतो.

मातीचा भराव दरवर्षी वाहून जायचा, म्हणून लाकडी ओटा करायचं ठरलं. सेविकेच्या सासऱ्यांनी जुनं घर उतरवलं होतं, त्याचं सागाचं लाकूड मिळालं. सुतारबाबा पाड्यातलेच, साठीचे. बोलताना ते माणसाकडे कधी बघायचे नाहीत, लाकडाकडे बघायचे. त्यांनी खांब जमिनीत पुरलेच नाहीत. बुडांना डांबर फासलं आणि मोठ्या दगडांवर उभे केले. "मातीत पाय रोवला की लाकूड पाणी पित बसतं," म्हणाले. ओट्याला बाहेरच्या बाजूला नकळत उतार दिला. मी भारावून फोटो काढत होते.

मग फळ्या ठोकायला घेतल्या. दर दोन फळ्यांमध्ये एक जाड खिळा उभा धरायचा, फळी ठोकायची, खिळा काढून घ्यायचा.

"बाबा, हे काय?"

"फट."

"ती दिसतेय मला. पण कशाला?"

"लाकडाला लागते."

"लाकडाला फट कशाला लागेल?"

"तुला बसायला जागा लागते का नाय, बाय? तशी."

हे काय उत्तर झालं? बारा फळ्या आणलेल्या आणि या हिशेबाने अकरातच ओटा पुरा होणार! मी एका पत्रकाच्या पाठीवर जाड मार्करने लिहिलं, 'फटी कुणाच्या घशात? जनतेला पूर्ण ओटा मिळालाच पाहिजे!' आणि ते अंगणवाडीच्या भिंतीवर चिकटवलं.

सुतारबाबांनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं. "घशात फट कशी जाईल? फट म्हंजे काहीच नाय. म्हंजे मी काहीच खाल्लं नाय, असंच लिवलंय ना?"

सेविका पोट धरून हसली. मी अजिबात हसले नाही. मी सभा बोलावली. बायका म्हणाल्या, तांदूळ निवडायला बसलो की सगळे खाली सांडतील. भराभर हात वर झाले. लोकशाहीचा विजय!

"ठीक हाय," सुतारबाबा म्हणाले, "अर्धा तुझा, अर्धा माझा. आता पावसालाही हात वर करू दे."

माझा अर्धा भाग इतका घट्ट बसवून घेतला की दोन फळ्यांत माझं स्वतःचं पत्रकसुद्धा शिरेना. घालून बघितलं मी.

श्रावणात सेविकेचा फोन आला. "ताई, तुमचा अर्धा उठला!"

"उठला म्हणजे?"

"म्हणजे उठला! उपोषणाला बसलेले उठतात तसा. आणि बाई परवा येणार आहेत."

जीपमध्ये एका अनोळखी आजींच्या मांडीवर अर्धी बसून मी पोचले. धुक्यात बाबांचा अर्धा ओटा निवांत पडला होता, पाणी फटींतून खाली गळत होतं. माझ्या अर्ध्यात दोन फळ्या खिळ्यांसकट उखडून एकमेकींना डोकं टेकून उभ्या होत्या, झोपडीच्या छपरासारख्या. मुलं एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने सुर्रकन खाली येत होती. जनतेला घसरगुंडी मिळाली होती.

"उन्हाळ्यात लाकूड सुकतं, या हवेत फुगतं," सुतारबाबा फळीकडे बघत म्हणाले. "जागा नाय दिली का भांडतं. तुझ्यासारखं."

आता मात्र मला हसू आवरेना. चिखलात बसूनच हसत सुटले. सेविकेने मार्कर हातात दिला, "आधी लिहा." मी लिहिलं, 'फळ्यांना जागा द्या. चूक माझी.'

"अक्षर बरं हाय," सुतारबाबांनी शेरा दिला आणि पहार माझ्या हातात ठेवली. दिवसभर मी खिळे उपटले. या खेपेला त्यांनी बारीक खिळा घेतला. मी विचारायच्या आत म्हणाले, "आता फुगलेल्या हायेत, एवढीच पुरे. सुकल्या की आपोआप वाढंल." बारावी फळी उरली, ती पायरी म्हणून लागली. तांदूळ निवडायला बायकांनी फळ्यांवर गोणपाट अंथरलं. इतका साधा उपाय सभेत कुणालाच सुचला नव्हता.

बाई छत्री सावरत आल्या. एक पाय ठेवला, दाबून बघितला, मग दुसरा. मुलं ओळीने उभी राहिली. काटा फळ्यांवर ठेवला, डुगडुगला नाही. सगळ्यांची वजनं झाली. बाईंनी तिथेच उभ्या उभ्या वहीत लिहिलं आणि म्हणाल्या, "इथेच राहू दे अंगणवाडी."

बाईंची छत्री वळणाआड जाईपर्यंत सेविका हात जोडून उभी होती. मग तिने एक उडी मारली. दोन्ही पायांनी, धाडकन. मग माझा हात ओढला, आणखी चौघी आल्या, मुलं पायांत आली, आणि त्या धुक्यात आम्ही फेर धरून अशा नाचलो की भिंतीवरचा मुलांचा तक्ता खाली पडला.

"अगं, मोडेल!" मी ओरडले.

ओट्याखालून आवाज आला. सुतारबाबा आडवे होऊन आत सरकले होते, वरून अंगावर पाणी गळत होतं आणि ते एकेका वाशाला हात लावून बघत होते.

"थांबू नका! नाचा अजून! कोपऱ्यात कोण हाय, जोरात पाय आपटा! कुठं करकरतं ते कळू दे मला!"