शहाण्णव टक्के जुळणी

बोर्ली पंचतनच्या बाजारात, चपलांच्या दुकानावरच्या माळ्यावर मी आणि प्रांजली मशीनला शहाणं करायचं काम करतो. पुण्याच्या एका कंपनीला सिनेमा-मालिकांच्या बातम्यांतला पूर्वग्रह ओळखणारी कृत्रिम बुद्धिमत्ता बनवायची आहे. तिला शिकवायचं आम्ही. पडद्यावर बातमीतलं एक वाक्य येतं, 'पूर्वग्रह आहे' किंवा 'नाही' दाबायचं. तेच वाक्य आणखी दोघांकडे जातं. दोघांचं मत एक झालं की तेच खरं. तिसऱ्याची 'जुळणी' घटते, आणि ती ऐंशी टक्क्यांखाली गेली की काम बंद. हा नियम कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाला देव जाणे.

प्रांजली डी.एड. झालेली, पस्तिशीला टेकलेली. शिक्षकभरतीची वाट बघून थकली. आई सखूबाईला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, त्यामुळे तिला टाकून पनवेलला नोकरी करायची सोय नाही. गावात बसून होण्यासारखं हे एकच काम होतं.

आणि ते तिला मनापासून आवडायचं. मी आपली झरझर बटणं दाबायची. ती थांबायची, वाचायची, पडद्याशी भांडायची. एकदा वाक्य आलं, 'मालिकेतल्या सुनेसाठी अखेर घरंदाज चेहरा सापडला.' तिने 'पूर्वग्रह आहे' दाबलं आणि शेऱ्यात लिहिलं, 'घरंदाज चेहरा कसा असतो? आमच्या बौद्धवाडीतल्या बायकांना घरं नाहीत का?'

मला हसू आलं. "अगं, कौतुक हाय ते."

"कुणाचं, केसरताई? शाळेच्या नाटकात मला दर वर्षी मोलकरीण करायचे. बाई म्हणायच्या, तुला शोभून दिसतं. ते पण कौतुकच व्हतं."

ते घरंदाज चेहऱ्याचं वाक्य माझ्याकडेही आलं होतं आणि मी 'नाही' दाबून मोकळी झाले होते, हे काही मी तिला सांगितलं नाही.

असं वारंवार व्हायला लागलं. तिची जुळणी एक्याऐंशीवर आली. तिने कंपनीला तीनदा लिहिलं, 'जे एकालाच दिसतं, ते नसतंच का?' तिन्ही वेळा उत्तर आलं, 'कृपया जुळणी सुधारावी.'

मग मीच तिला अक्कल शिकवली. "तुला काय वाटतं ते ऱ्हाऊ दे. बाकीचे काय दाबतील ते वळख नि दाब. आईकडं बघ जरा."

हुशार बाई, चटकन शिकली. तीन महिन्यांत शहाण्णव टक्के! शेरे बंद, भांडण बंद. माळ्यावर नुसती बटणांची टकटक. मला तिची जुनी कटकट हवीशी वाटायला लागली, पण ते सांगायला मला तोंड कुठे होतं?

मार्चमध्ये तिला बढती मिळाली. आता ती तपासनीस. तिघांचं एकमत झालं नाही की वाक्य आता शेवटच्या निकालासाठी तिच्याकडे येतं, कुणाचं काम बंद करायचं तेही तिनेच सांगायचं, आणि तिचीही जुळणी वर कुणीतरी मोजतच असतं.

परवा एक वाक्य आलं. 'लेकीला पुरस्कार मिळताना मजूर आईवडील मंचावर बावरले आणि सभागृहात हशा पिकला.' दोघांचं मत 'नाही'. पालीच्या कुणा मुलीचं 'आहे', आणि खाली तिचा शेरा, 'यात हसण्यासारखं काय? माझे वडीलही असेच बावरतात.'

मी तिच्या खुर्चीमागे उभी होते. "खरं हाय तिचं," मी म्हटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"म्हाईत हाय मला," प्रांजली म्हणाली आणि तिने 'नाही' दाबलं.

त्या मुलीचा आकडा एकोणऐंशीवर उतरला. पडद्यावर प्रश्न आला, 'काम बंद करावे का?' प्रांजली शेरा पुन्हा एकदा वाचत बसली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने हलकेच बाजूला केला.

मग तिने 'होय' दाबलं. पुढचं वाक्य आलं.