हौसाकाकींची वाटी

हौसाकाकी कुणाच्याही घरात शिरल्या की आधी चुलीकडे जायच्या. खुशाली विचारणं नंतर. आधी भांड्यांवरची झाकणं उचलायच्या. पासली गावात मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, भागूआजींच्या टोपावर वाकलेलं. टोपात कालचा वाळलेला भात होता, शेजारी चहाचं पातेलं आणि बिस्किटांचा पुडा.

"आत्याबाई, ह्याला जेवान म्हणायचं का?"

"एकलीसाठी कोण चूल पेटवतंय गं," भागूआजी म्हणाल्या.

काकी वाद घालत बसल्या नाहीत. पिशवीतून झाकलेली वाटी काढून आजींपुढे ठेवली. "हुलग्याचं पातळ माडगं हाय. वाटी माजी मला उद्या पायजे."

मी एका संस्थेच्या कामासाठी भोरहून यायचे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना रोज टेम्पोतून दुपारचा डबा पोचवायचा, हे काम. आमचं घर चळवळीतलं; पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून मी पाढ्यांआधी घोषणा शिकले. डब्याबरोबरचं पत्रक मीच लिहिलं होतं: 'अन्न हा तुमचा हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत.' खाली दूध, फळं, प्रथिनं.

काकींनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. "लई ब्येस लिवलंय. पर आत्याच्या तोंडात दोन दात ऱ्हायलेत. सफरचंद काय उखळात कांडून खाईल व्हय?"

काकी स्वतः साठीच्या, विधवा, भाताचं एक खाचर कसणाऱ्या. बाजारच्या दिवशी एसटीनं वेल्ह्याला जाऊन सहा म्हाताऱ्यांचा बाजार आणायच्या. यादी डोक्यात. कुणाला मऊ शिजणारी मुगाची डाळ, कुणाला नाचणीचं पीठ, साखर वाढलेल्या अण्णांना गुळाचा खडासुद्धा नाही. आणि सगळं पावशेरच. किलोभर का नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "किलोभर दिली की डब्यात जपून ठेवत्यात. पावनं येतील म्हनून. पावनं येत न्हाईत, किडं येत्यात."

माझी चूक पहिल्याच आठवड्यात झाली. डबे परत यायचे तेव्हा त्यात काहीबाही असायचं. मूठभर तांदूळ, दोन हिरव्या मिरच्या, कधी उकडलेली रताळी, भागूआजींच्या डब्यात वाटीभर कालवण. मला ते बघवेना. ज्यांना द्यायचं त्यांच्याकडूनच घ्यायचं? मी घरोघर बजावलं, डबा रिकामाच परत द्यायचा. हक्काच्या अन्नाची परतफेड नसते.

पंधरा दिवसांनी काकींनी मला हाताला धरून भागूआजींच्या परसात नेलं. शेजारच्या गाईच्या घमेल्यात आमची डाळ आणि भात होता. घरात आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. गालांची हाडं वर आली होती. चूल थंड.

"आजी, अहो तुमचा हक्क आहे तो!" मी जवळजवळ ओरडलेच.

"आसंल बाई," आजी शांतपणे म्हणाल्या. "पर रिकामं भांडं म्या कुणाला दिलं न्हाई. आता मरायच्या वक्ताला देऊ? त्यापरीस नगंच त्ये."

परतताना काकी रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या. गुडघे चोळत होत्या. "पोरी, वाटी काय न डबा काय, भरून द्यायचा म्हनून म्हातारी चूल पेटवती. वाटीभर कुनी शिजवतं का? टोपभर शिजतं. मग ऱ्हायलेलं कोन खातं?" उठता उठता म्हणाल्या, "तू तिची चूल इझवलीस."

मी दुसऱ्या दिवशी घरोघर जाऊन माझा हुकूम मागे घेतला. डब्यांत पुन्हा मिरच्या येऊ लागल्या. भागूआजी पुन्हा शिजवू लागल्या.

त्यानंतर दोन वर्षं मी काकींबरोबर पासलीचा चढ चढले. त्या दमत चालल्या होत्या. "एक म्हातारं गेलं की वाटतं, घर कमी झालं. तवर दुसरं कुनीतरी एकलं पडतं," म्हणायच्या आणि दम लागला की पिशवी दुसऱ्या हातात घ्यायच्या. एकदा माझ्याकडे निरखून बघितलं. "तू काय खातीस गं? टेम्पोत वडापाव?" आणि नाचणीच्या लाडवांची वाटी माझ्या हातात दिली. स्टीलची, कडेला ठिपक्याठिपक्यांनी त्यांचं नाव कोरलेली.

वाटी भोरला माझ्या फळीवर पडून राहिली. मी स्वयंपाक करत नव्हते, आणि रिकामी द्यायचं धाडस नव्हतं. दर खेपेला म्हणायचे, "पुढच्या वेळी आणते काकी." त्या म्हणायच्या, "मला काय घाई हाय?"

चार महिने गेले. मग काकीच गेल्या. खाचराच्या बांधावर बसल्या त्या उठल्या नाहीत.

दहाव्याला भागूआजी एका कोपऱ्यात बसल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, हौसा गेल्यापास्नं म्हातारी डबासुद्धा उघडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पिठलं केलं. पहिलं करपलं, दुसऱ्यात गुठळ्या झाल्या. तेच काकींच्या वाटीत भरलं आणि पासली गाठली. आजींच्या घरात शिरून आधी झाकणं उचलली. सगळं कोरडं. मग वाटी त्यांच्यापुढे ठेवली. आजींना वाचता येत नव्हतं. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं, ठिपक्यांवर थांबवलं.

"हौशीची."

"हो. वाटी माझी मला उद्या पाहिजे," मी म्हणाले.

आजींनी बोटानं थोडं पिठलं चाखलं. "गुठळ्या हाईत," म्हणाल्या. आणखी एक घास घेतला. मग भिंतीला हात देऊन उठल्या, चुलीपाशी जाऊन बसल्या आणि गार राख बाजूला ओढू लागल्या.