पूजेतला मॅक्रो

आमच्या कोल्हापुरातल्या कारखान्यात दुधाचं फॅट मोजणारी यंत्रं बनतात. त्यांचा सी भाषेतला प्रोग्राम माझ्याकडं होता, फक्त त्यातल्या एका मॅक्रोला हात लावायचा नाही, अशी ताकीद होती. मॅक्रो म्हणजे नाव लिहिलं की त्या जागी येऊन बसणारा तयार मजकूर. हा मालकांनी तरुणपणी लिहिलेला आणि आत थेट असेंब्लीच्या, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या बोलीतल्या, सूचना. काम एवढंच, की यंत्रातला दिवा स्थिर होईपर्यंत मोजणी थांबवून धरायची. त्याचा छापील कागद फ्रेम करून लावला होता, आणि खंडेनवमीला लेथच्या आधी त्याला हळदकुंकू लागायचं. माझं डोकं फिरायचं, पण नमस्कार मीही करायचो.

मग आम्ही नवा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या बोलीत उतरवणारं साधन, घेतला आणि त्यातून निघालेला प्रोग्राम यंत्रांत भरला. महिन्याभरात चंदगडकडच्या एक आक्का एसटीनं आल्या आणि दुधाची किटली त्यांनी थेट मालकांच्या टेबलावर ठेवली.

"डेरीत रोज पयला नंबर माझा. आन् रोज तुमचं मशीन म्हनतंय, पानी हाय. गाव मला पानीवाली म्हनतंय. थेंब घातला न्हाय की मी!"

मी प्रोग्राम उघडला. थांबण्याच्या सूचनेचा पुढं काहीच उपयोग दिसत नाही, म्हणून शहाण्या कंपायलरनं ती परस्पर गाळली होती. सकाळी दिवा गार असताना पहिलं माप चुकून कमी यायचं, नंतरची बरोबर यायची. मॅक्रोत 'व्होलटाइल', म्हणजे 'हे गाळू नकोस', एवढा शब्द घातला की काम होणार होतं.

"पूजेतल्या मॅक्रोत खाडाखोड?" मालक कळवळले. "दसऱ्यापर्यंत थांबूया."

"तवर मी पानीवाली ऱ्हाऊ व्हय?" आक्का खुर्ची ओढून बसल्या.

तासाभरानं मालकांनी फ्रेम उतरवली, नारळ फोडला आणि स्वतःच्या हातानं तो शब्द आधी कागदावर लिहिला. मग मला म्हणाले, "आता कॉम्प्युटरात घाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी डेरीत यंत्रात नवा प्रोग्राम भरला. आक्कांनी मला रांगेसमोर उभं केलं. यंत्र थांबायचं विसरत होतं, चूक आमची, असं मी सांगितलं. मग त्यांनी दूध दिलं. फॅट उत्तम लागलं. डेरीचे चेअरमन जमिनीकडं बघत पुटपुटले, "आक्का, चुकलं आमचं."

"मोठ्यानं बोला की," आक्का म्हणाल्या. "पानीवाली म्हनताना पार वरच्या वाडीपतूर ऐकू येत हुतं."