अक्काच्या घरचे पाहुणे

अक्काच्या घरी पाहुण्यांचा सतत राबता असायचा आणि त्यातला एकही पाहुणा कधी कुणाच्या डोळ्यांना दिसला नाही. "आज दाजी आल्यात," असं ती सकाळी भाकरीच्या कारखान्यात शिरतानाच सांगायची. कधी म्हणायची, "जाऊबाई उतरल्यात, दोन दिस काय हलत न्हाईत आता." कधी नुसतंच, "धाकटी मांडीवरनं उतरंना झालीय." दाजी म्हणजे तिचा राग. जाऊबाई म्हणजे मत्सर. धाकटी म्हणजे भीती. आणि जी काही मागत नाही, बोलत नाही, कोपऱ्यात नुसती बसून असते, ती म्हातारी म्हणजे दुःख.

जुन्या बायकांना याची सवय होती. नव्यांची मात्र फजिती व्हायची. एकदा नुकतीच कामाला लागलेली एक सून "दाजी आल्यात" ऐकताच ताडकन उठली आणि पिठाच्या हातानंच डोक्यावर पदर ओढून भिंतीला चिकटून उभी राहिली. काळ्या पदरावर पाची बोटं उमटली. सगळा कारखाना हसत होता. अक्का एवढंच म्हणाली, "बस गं बाय. आमचं दाजी पदर बगत न्हाईत. त्यांचं फकस्त ऐकून घ्यावं लागतं."

कारखाना म्हणजे सोलापूर शहराच्या पूर्व भागातली एक लांबट पत्र्याची खोली. भिंतीकडेनं दहा चुली, प्रत्येक चुलीपुढं एक बाई. ज्वारीच्या भाकऱ्या थापायच्या, भाजायच्या, मग निखाऱ्यालगत उभ्या करून पापडासारख्या कडक होईपर्यंत वाळवायच्या. सोलापूरची ही कडक भाकरी आता लांबलांबच्या शहरांत पाकिटातून जाते. पाकिटावर हसऱ्या बाईचं चित्र असतं. त्या चित्रातल्या बाईला खोकला नसतो.

माझी आई अक्काच्या शेजारच्या चुलीवर बसायची. वडील बंद पडलेल्या गिरणीतले कामगार. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. ट्रंक भरून. माझा 'अ' अननसाचा नव्हता, अन्यायाचा होता आणि 'स' संपाचा. कॉलेजात गेल्यावर मीही पत्रकं लिहू लागले आणि प्रत्येक पत्रक छापायच्या आधी या खोलीत येऊन मोठ्यानं वाचू लागले, कारण जे या बायकांना कळत नाही ते छापायचं नाही, हा वडिलांचा नियम होता.

अक्का माझी परीक्षक. ती वळसंग गावची, बोलण्यात अधूनमधून कानडी, त्यामुळे लहानथोर सगळे तिला अक्काच म्हणत. तिसरीपर्यंत शिकलेली. मी वाचत असताना ती भाकरी थापत राहायची आणि वाक्य पोकळ असलं की तिचा हात थांबायचा. बोलायची नाही. परातीतला तो थपथप आवाज बंद पडायचा, बस. मी निमूटपणे ते वाक्य खोडायची. 'शोषणाच्या अंधकारातून मुक्तीच्या पहाटेकडे' या ओळीवर तिचा हात इतका वेळ थांबला होता की तव्यावरची भाकरी करपली.

गल्लीतल्या देवळात एकदा एका महाराजांचं प्रवचन होतं. आईसोबत मीही गेले होते, मनातल्या मनात टीका करायला. महाराज सांगत होते, राग सोडा, मत्सर सोडा, भय सोडा, मन निर्मळ होईल. अक्का बायकांच्या मधून उठून उभी राहिली आणि तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "सोडायचं, खरं हाय. पर कुटं सोडायचं महाराज? शेजारणीच्या दारात?" लोक हसले. महाराजही हसले आणि पुढच्या अभंगाकडं वळले. परतताना ती म्हणाली, "आपल्या घरात जन्मलेलं आपुन सांभाळावं की. हाकललं तर ते दुसऱ्याच्या घरात शिरून नासधूस करतंय."

हीच तिची उपासना होती. तिच्या घरी देव होते, त्यांना ती फूल वाहायची, पण तिचा खरा पाठ त्याच्यानंतर सुरू व्हायचा. कामावर निघायच्या आधी ती उंबऱ्याजवळ पाटावर बसायची, डोळे मिटायची नाही, आणि हलक्या आवाजात विचारायची, "कोन कोन आलंय?" मग जे आलं असेल त्याला नावानं बसवायची. घालवून द्यायची घाई नाही आणि डोक्यावर चढवणं नाही. याला ती हजेरी म्हणायची. दहा मिनिटं. मी देव न मानणारी मुलगी, पण त्या दहा मिनिटांइतकी कडक साधना मी दुसरी पाहिलेली नाही. स्वतःच्या मनातलं घाणेरडं रोज सकाळी उजेडात बसून पाहायचं, आणि पाहून झालं की भाकऱ्या थापायला जायचं.

माझं तिच्याशी भांडण व्हायचं ते रागावरून. मी म्हणायची, "अक्का, राग घरात बसवून काय करायचंय? तो रस्त्यावर आणायला पाहिजे. संघटित करायला पाहिजे."

"कर की. न्हाय कोन म्हनतंय? पर आधी बग, राग कुनाचा हाय. दुसऱ्याचा राग अंगात आला तर आपुन नुसतं घुमतंय."

ती शांतपणाचे धडे देणारी बाई होती असं कुणाला वाटत असेल तर एक प्रसंग सांगते. भाकऱ्या थोड्या लालसर झाल्या म्हणून मालकानं एका बाईच्या पुढ्यात सगळी चळत आपटली. भाकऱ्यांचे तुकडे झाले. ती बाई रडायला लागली. अक्का उठली. हात धुतले, पदराला पुसले, मालकासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या दाजींना तुमच्यासंगं बोलायचंय." मग जो आवाज निघाला तो समोरच्या किराणा दुकानापर्यंत पोचला. शिवी एकही नव्हती. "अन्न हाय ते. उचला. आपल्या हातानं उचला." पाच मिनिटांनी मालक खाली बसून तुकडे गोळा करत होता आणि अक्का आपल्या चुलीपाशी परतून पीठ मळत होती. "गेलं दाजी," ती म्हणाली. "मान दिला की लई थांबत न्हाईत."

आता जे सांगायचंय ते मला सोपं जात नाही.

आमचा पाचसहा मुलामुलींचा गट भाकरी करणाऱ्या बायकांसाठी काम करायचा. मागण्या दोन होत्या: प्रत्येक कारखान्यात धूर बाहेर नेणारं धुराडं आणि आठवड्याची एक सुट्टी. मी लिहायची, रेश्मा बोलायची. रेश्मा माझी शाळेपासूनची मैत्रीण, शाळेचे गणवेश शिवायची, आणि मराठी, दखनी, तेलुगू, तिन्हींत लोकांना हसवायची, रडवायची. मेळाव्यात तिनं माझं भाषण वाचलं. माझी वाक्यं, माझे विराम. बायका उठून उभ्या राहिल्या. कुणी तिच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. तिनं माझं नाव घेतलं नाही. मी मागे सतरंजीवर बसून टाळ्या वाजवत होते आणि चांगली कार्यकर्ती असल्याचं समाधान मानत होते.

महिन्याभरानं मालकांशी बोलणी झाली. गटाच्या वतीनं रेश्मा गेली. धुराडं लगेच, सुट्टीचं दिवाळीनंतर बघू, एवढ्यावर ती हो म्हणून आली. मी घरी जाऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं. 'धुराड्याच्या बदल्यात सुट्टी सोडली कुणी?' असं त्याचं नाव. माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं पत्रक. पाचशे प्रती छापल्या आणि मगच अक्काकडे वाचायला नेलं. क्रम उलटा झाला होता, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

मी वाचलं. अक्काचा हात एकदाही थांबला नाही. शेवटच्या ओळीपर्यंत थपथप चालू. मला जिंकल्यासारखं वाटलं.

"समदं खरं हाय," ती म्हणाली. "येक बी शब्द खोटा न्हाय. आता सांग, लिवलं कुनी?"

"मीच की."

"न्हाय. जाऊबाईंनी लिवलंय."

"अक्का, हा तत्त्वाचा प्रश्न आहे!"

"हाय की. तत्त्वाच्या मागं कोन उभारलंय, ते इचारलालीय मी."

मी तिथून निघाले ती थेट पहिल्या गल्लीत. शंभरएक पत्रकं वाटली. हा राग तत्त्वाचाच आहे, असं मी दारोदारी स्वतःला सांगत होते. दुसऱ्या दिवशी नळावर एका बाईनं रेश्माला सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं, मालकाच्या घरची सून व्हायचा बेत हाय का?" आणि बायका हसल्या. ज्यांनी तिची दृष्ट काढली होती त्याच. हे मला आईनं सांगितलं. सांगताना ती माझ्याकडं बघत नव्हती.

उरलेली पत्रकं पिशवीत घेऊन मी अक्काकडे गेले. मला वाटलं, ती चार शब्द सुनावेल. तिनं मला शेंगा निवडायला बसवलं आणि आपली एक गोष्ट सांगितली, जी कारखान्यात कुणालाच ठाऊक नव्हती.

लग्नाला नऊ वर्षं होऊन तिला मूल नव्हतं. धाकट्या जावेला मुलगा झाला. घरादारात अक्काचं नाव होतं, की हिच्या मनात काळंबेरं नाही, हसतमुख आहे, बाळाचं सगळं हीच करते. "मलाबी तसंच वाटायचं गं. मी लई चांगली हाय म्हनून." एके दिवशी बाळाच्या अंघोळीचं पाणी काढताना तिच्या हातात उकळत्या पाण्याचं तपेलं होतं आणि बाळ पुढ्यात पाटावर. ती थबकली. "काय केलं न्हाय मी. पर हात काय म्हनत हुता ते मला ऐकू आलं."

तिनं तपेलं खाली ठेवलं आणि जावेला हाक मारली. म्हणाली, तुझं लेकरू बघून माझ्या पोटात जळतंय. मी म्हणेपर्यंत त्याला माझ्या हातात देऊ नको.

"मग?"

"मग काय. ती भ्याली. चार म्हयनं पोराला घेऊन माहेरी ऱ्हायली. घरात मला समद्यांनी नावं ठिवली. मी तवापासून हजेरी घ्यायला लागले. ती परत आली तवा आपल्या हातानं पोरगं माझ्या मांडीवर ठिवलं. म्हनाली, घ्या, तुमीच एक खरं बोलला ह्या घरात." अक्का शेंगा निवडत होती. "हाकलू नगंस जाऊबाईंना. बसव. इचार, काय पायजे त्यास्नी."

मी विचारलं. उत्तर इतकं लहान होतं की लाज वाटली. मला सुट्टी नको होती. मला त्या मेळाव्यात माझं नाव हवं होतं.

रेश्मा मशीनवर खाकी चड्ड्या शिवत होती. तिनं मान वर केली नाही. मी उभ्याउभ्याच सांगितलं, की टाळ्या तुला मिळाल्या म्हणून मी जळले, आणि म्हणून लिहिलं. मशीन थांबलं.

"जलन झाली होती तर मला सांगायचं की गे!" ती ओरडली. "अख्ख्या गल्लीला काय सांगत बसलीस?"

तिनं पुन्हा मशीन सुरू केलं. मी दहाही चुलींपुढं जाऊन, आणि नळावर जाऊन, पत्रकात जे लिहिलं नव्हतं ते तोंडानं सांगितलं. काहींनी ऐकलं, काहींनी "आता गं काय" म्हणून तोंड फिरवलं. वाटलेलं पत्रक परत घेता येत नाही. धुराडी बसली. सुट्टीही पुढे मिळाली, पण ती मागायला रेश्मा आमच्यासोबत नव्हती. वर्षभर ती गटात आली नाही. नंतर यायला लागली तरी दाराजवळ बसायची आणि बोलायची वेळ आली की "घसा बसलाय" म्हणायची.

अक्काला मागच्या वर्षी छातीचा आजार निघाला. धुराडं तिच्यासाठी उशिरा आलं होतं. ऑपरेशनच्या आधी दवाखान्यात जो तो तिला सांगत होता, घाबरू नका. ती म्हणाली, "घाबरते की. तुमीबी घाबरा जरा. एकटीलाच कटाळा आलाय." मग मी खरंच घाबरले आणि तिचा हात धरून रडले. ती खूश झाली. "आसं," म्हणाली. "आता बरं वाटलालंय." ऑपरेशननंतर ती अकरा दिवस होती. जावेचा तो मुलगा, आता मोठा बापई गडी, पायाशी बसून होता. खांदा त्यानंच दिला.

शोकसभा कारखान्यातच झाली. चुली विझवून सतरंज्या टाकल्या होत्या. मी चार पानं लिहून आणली होती आणि ती मीच वाचली. बायकांनी नीट ऐकलं. मग कुणीतरी म्हणालं, रेश्मा, तू बोल गं दोन शब्द. बऱ्याच काळानं ती उभी राहिली. तिनं लिहून काही आणलं नव्हतं. तिचं तिसरं वाक्य संपायच्या आत सगळी खोली हुंदके देत होती, माझी आईसुद्धा.

आणि माझ्या पोटात जळलं. अक्काच्या शोकसभेत.

माणसं पांगल्यावर मी रेश्माजवळ गेले आणि सांगून टाकलं, आताही जळलं म्हणून.

ओढणीनं नाक पुसत तिनं माझ्याकडं पाहिलं. "अजून?" मग ओढणी खांद्यावर टाकत म्हणाली, "एक सांगू? मेळाव्यात तुझं नाव घ्यायचं मी विसरले नव्हते. चिठ्ठीवर लिहिलं होतं, अगदी वरच. तसं लिहायला मला या जन्मात जमणार नाही, म्हणून नाही घेतलं."

आम्ही दोघींनी सतरंजीची दोन दोन टोकं धरली आणि घडी घालायला लागलो.